पिस्तूल अडकलं, शिक्षा पोराला का?

प्रश्न : माझा मुलगा मेलबर्नला असतो. तिथे तो आयपीएससी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रॅक्टिकल शूटिंग (घड्याळ लावून नेमबाजी) स्पर्धांमध्ये भाग घेतो. परवा एका स्टेजला, म्हणजे स्पर्धेच्या एका टप्प्याला, ९ कागदी टार्गेट आणि २ लोखंडी पॉपर (गोळी लागली की पडणारी टार्गेट) होते. पहिल्या ६ कागदांवर बाराही गोळ्या मधोमध लागल्या आणि पिस्तुलात झाडलेल्या काडतुसाची रिकामी केस अडकली. शेजारच्यानं सळई पुढे केली, ती रेंज ऑफिसरनं, म्हणजे तिथल्या पंचानं, घेऊ दिली नाही. दोन मिनिटं झटापट करून पोरानं हात टेकले. निकाल शून्य! कमावलेले ६० गुण कुठे गेले? बिघाड यंत्राचा, मग पुन्हा संधी का नाही?
— एक वडील, धरमपेठ, नागपूर

उत्तर : भाऊ, आधी हिशेब मांडू, रागाचं नंतर बघू.

कागदावर दोन-दोन गोळ्या, पॉपरला एक. म्हणजे ३ कागद आणि २ पॉपर मिळून ८ गोळ्या राहिल्या. प्रत्येक मिसला १० वजा, झाले ८०. शिवाय ज्या टार्गेटवर एकही गोळी झाडली नाही त्याचे वेगळे १०, अशी ५ टार्गेट, म्हणजे ५०. साठातून १३० गेले. उणे गुण धरत नाहीत, म्हणून शून्य. पोराला कुणी लुबाडलं नाही.

सळईचं म्हणाल तर बिघाड हातानंच सोडवायचा. सळई किंवा कुठलंही अवजार वापरलं की त्या स्टेजचं शून्यच. दोन मिनिटांत जमलं नाही तर नळी समोर ठेवून रेंज ऑफिसरला सांगायचं. आणि या झटापटीत पिस्तूल टार्गेटवरून हललेलं असताना बोट ट्रिगर गार्डमध्ये राहिलं, तर अख्ख्या स्पर्धेतून बाहेर. तुमचं पोरगं निदान तिथे सावध राहिलं.

पुन्हा संधी? पिस्तूल त्याचं, काडतुसं त्याची, मॅगझिनही त्यानंच भरलेलं. हा खेळ ते सगळं स्पर्धकाच्याच खात्यात धरतो. एक अपवाद आहे. बार फुसका वाटून गोळी नळीत अडकल्याची शंका आली आणि रेंज ऑफिसरनंच थांबवलं, पण तपासणीत काहीच निघालं नाही, तर स्टेज पुन्हा खेळायला मिळते. शंका खरी निघाली तर नाही.

तुम्ही एनसीसीच्या रेंजवरचे असाल, तर आपल्याकडच्या २५ मीटर पिस्तुलाचा न्याय डोक्यात असेल. तिथे मान्य बिघाडाला सवलत असते, पण तीही सरसकट नाही. मी एकदा बिघाड झाला म्हणून ऐटीत हात वर केला. रेंज ऑफिसरनं पिस्तूल पाहिलं, ते ठणठणीत होतं. पाचांच्या सिरीजला मी चारच काडतुसं भरली होती! पाचवा शॉट शून्य. सीताबर्डीपर्यंत कुणाशी बोललो नाही.

आता पोराच्या कामाचं सांगतो. इथे गुणांना सेकंदांनी भागतात. समजा ९२ गुण १५ सेकंदांत झाले, तर ६.१३. केस सोडवण्यात १० सेकंद गेले तरी ३.६८ हातात राहतात. अगदी एकूण ११५ सेकंद लागले तरी ०.८, आणि शून्यापेक्षा ०.८ बरे. म्हणून केस उशिरा सुटली तरी वेळेकडे बघून मन खचू द्यायचं नाही. उरलेल्या प्रत्येक टार्गेटवर निदान एक तरी गोळी झाडायचीच. ते टार्गेट न शिवल्याचे १० तरी वाचतात, आणि लागली तर एक मिसही.

आणि त्याला विचारा, मॅगझिनांवर नंबर टाकलेत का? नसतील तर रंगानं टाकायला सांगा. पुन्हा अडकलं की कुठलं मॅगझिन होतं ते वहीत लिहायचं. सारखा एकच नंबर येत असेल तर ते मॅगझिन सरावापुरतं बाजूला काढायचं. वेगवेगळे येत असतील तर पिस्तूल आर्मररला (बंदुका दुरुस्त करणाऱ्याला) दाखवायचं आणि एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे रिकामी केस ओढून काढणारा आकडा, आधी बघायला सांगायचा.