नवीन घेण्याआधी टास्क मॅनेजर उघडा: वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं

प्रश्न: सर, २०१६ चा लॅपटॉप आहे, सहाव्या पिढीचा आय५, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क. चालू व्हायलाच पाच-सहा मिनिटं लागतात. सगळे म्हणतात टाकून दे आणि नवीन घे. काय करू?

टाकू नका हो एवढ्यात. आधी एक काम करा, लॅपटॉप चालू झाला की कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात डिस्कचा कॉलम बघा. माझा अंदाज आहे की तिथे १०० टक्के दिसेल आणि सीपीयू मात्र निवांत बसलेला असेल. म्हणजे प्रोसेसर म्हातारा झालेला नाही, तो डिस्कची वाट बघत बसलाय.

लॅपटॉपमधल्या बहुतेक जुन्या हार्डडिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेतात, आणि विंडोज चालू होताना हजारो छोट्या छोट्या फायली इकडून तिकडून वाचायच्या असतात, तर प्रत्येक वेळी ते हेड सरकवून योग्य जागी न्यायचं म्हटल्यावर सेकंदाला शंभरेक वाचनांच्या पुढे गाडी जात नाही. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नाहीच, तिथे हाच आकडा हजारोंमध्ये जातो. त्यामुळे साधी २.५ इंची साटा (डिस्क जोडायची जुनी पद्धत) एसएसडी टाकली तरी तुम्हाला वाटेल की मशीन बदललं. साटाचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडकतो आणि एनव्हीएमई ही नवी पद्धत ३५०० किंवा ७००० पर्यंत जाते हे खरं, पण रोजच्या कामात खरी उडी हार्डडिस्क ते एसएसडी हीच आहे, त्यापुढचा फरक मोठ्या फायली कॉपी करतानाच जाणवतो. एम.२ स्लॉट (छोटी एसएसडी बसवायची खाच) असला तर मात्र मॅन्युअल वाचूनच घ्या, कारण एम.२ हा नुसता आकार आहे, आत साटा चालेल की एनव्हीएमई हे स्लॉटवर ठरतं आणि चुकीची आणलीत तर बसेल छान पण दिसणार नाही.

रॅम ४ ची किमान ८ करा. आत मोकळा स्लॉट आहे का आणि डीडीआर३एल प्रकारची रॅम लागते की डीडीआर४ हे आधी बघा, या काळातल्या लॅपटॉपमध्ये दोन्ही सापडतात. दोन स्लॉट असले तर दोन्ही भरा, ड्युअल चॅनेलमुळे, म्हणजे दोन्ही रॅम एकदम वापरल्याने, ऑनबोर्ड (प्रोसेसरमधल्याच) ग्राफिक्सला चांगला हातभार लागतो.

आता अडचण. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला मोजके अपवाद सोडले तर इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच लागते. जुगाड करून ११ टाकता येतं, पण मायक्रोसॉफ्ट त्याची जबाबदारी घेत नाही, म्हणून मी सांगणार नाही. ब्राउझर, मेल, लिखाण, व्हिडिओ एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम टाका, दोन दिवस चिडचिड होईल मग सवय होते. पण टॅलीसारखं विंडोजवरचंच काही रोज लागत असेल तर मग लिनक्सचा हट्ट नको, तेव्हा नवीन मशीनचा विचार बरोबर आहे.

प्रश्न: १ टीबीची डिस्क घेतली, ९३१ जीबीच दाखवते. फसवलं का?

नाही. कंपनी १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं एवढे बाइट मोजते, विंडोज १०२४ ने भागत जाते आणि पुढे तरीही जीबीच लिहिते. बाइट तेवढेच आहेत.

प्रश्न: मग २ टीबीचा पेनड्राइव्ह ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळाला, कॉम्प्युटरमध्ये २ टीबीच दिसतो, पण टाकलेले व्हिडिओ नंतर उघडत नाहीत. हे काय?

इथे मात्र खरंच फसवलं. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि कंट्रोलरला (ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपला) खोटं बोलायला शिकवलेलं असतं. खरी जागा भरली की पुढचा डेटा एकतर हवेत जातो नाहीतर आधीच्यावरच लिहिला जातो, फायलींची नावं तेवढी दिसत राहतात. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट टूल आहे, लिनक्सवर एफथ्री, ते पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं आणि खरा आकडा सांगतं. रिफंड मागताना त्याचा स्क्रीनशॉट जोडा. त्याच्यावर गेलेला डेटा परत मिळायची आशा धरू नका, जो लिहिलाच गेला नाही तो कुठलं रिकव्हरी सॉफ्टवेअर आणणार.

प्रश्न: एक्स्टर्नल एसएसडीच्या खोक्यावर १०५० एमबी प्रति सेकंद लिहिलंय, मला ४० च मिळतात. ड्राइव्ह खराब आहे का?

४० हा आकडाच सगळं सांगतोय. यूएसबी २.० चा कागदोपत्री वेग ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात हातात ३५-४० पडतात. तुम्ही बहुतेक मोबाइलची टाइप-सी केबल लावलीये. टाइप-सी हा फक्त तोंडाचा आकार आहे, आतल्या तारा यूएसबी २.० च्याच असू शकतात, आणि मोबाइलसोबत येणाऱ्या कित्येक केबल तशाच असतात. ड्राइव्हसोबत आलेली केबल लावा आणि पोर्टही १० गिगाबिटचा आहे का बघा, ५ गिगाबिटचा असेल तर ४०० ते ४५० च्या आसपास थांबेल.

चार्जिंगचंही असंच. साधी सी टू सी केबल ३ अँपियर सोसते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. त्यापुढे ५ अँपियरची, आत ई-मार्कर चिप (केबलची क्षमता चार्जरला सांगणारी) असलेली केबल लागते, जुन्या १०० वॉटपर्यंत आणि नव्या २४० वॉटपर्यंत. म्हणून १०० वॉटचा चार्जर आणून साधी केबल लावली की चार्जर गपचूप ६० वर येतो आणि आपण चार्जरला शिव्या देतो. माझं मत विचाराल तर केबलवर वॉट आणि वेग छापणं सगळ्यांना सक्तीचं करायला हवं. तोवर चांगल्या केबलला स्वतःच रंगीत टेप लावून ठेवा.

प्रश्न: नवीन ग्राफिक्स कार्ड टाकलं, गेम पूर्वीइतकाच अडखळतो. कार्ड परत करू?

रागावू नका, पण मॉनिटरची केबल कुठे लावलीये? मदरबोर्डच्या पोर्टमध्ये असेल तर काढून खाली कार्डच्या पोर्टमध्ये लावा. हसू नका, हे भल्याभल्यांचं होतं. ती बरोबर असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट (सेकंदाला पडद्यावरचं चित्र किती वेळा बदलतं) बघा, १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वरच राहिलेला असतो बरेचदा. तरीही तसंच असेल तर गेम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डच्या चिपचा, वापर बघा. ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड जीव तोडून काम करतंय, सेटिंग कमी करा. ५०-६० वर रेंगाळत असेल आणि गेममध्ये एफपीएस लॉक (सेकंदाला ठरावीक चित्रांची मर्यादा) नसेल तर बहुधा प्रोसेसर मागे पडतोय, मग कार्ड कितीही मोठं आणा.

प्रश्न: लॅपटॉप कायम चार्जरला लावून ठेवला तर बॅटरी खराब होते का?

ओव्हरचार्ज होत नाही, सर्किट चार्जिंग तोडतं. पण लिथियम बॅटरीला १०० टक्क्यांवर ताटकळत राहणं आणि उष्णता, दोन्ही आवडत नाही. बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये कंपनीच्या ॲपात किंवा बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) ८० टक्क्यांची मर्यादा लावता येते, ती लावा आणि खुशाल जोडून ठेवा. दर महिन्याला पूर्ण शून्यावर आणायचा जुना नियम या बॅटऱ्यांना नाही. टचपॅड वर आल्यासारखं वाटलं, क्लिक होईना किंवा खालचं झाकण फुगलं तर बॅटरी फुगलीये, लगेच बंद करा, चार्जर काढा, दाबून सपाट करायला जाऊ नका आणि टोचू तर अजिबात नका, सर्व्हिस सेंटरला न्या आणि जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता तिथेच द्या.