गर्भपिशवी काढल्यावर अंगातून वाफा निघतात, काय करावं?

तुम्ही लिहिलंय: वय 42, चार महिन्यांपूर्वी गाठींमुळे पिशवी काढली, रात्री तीनदा घामाने जाग येते, आणि घरचे म्हणतात, जळगावचा मे महिना आहे, सगळ्यांनाच होतं.

ताई, उन्हाची तलखी कूलरपुढे बसलं की उतरते. ही वाफ छातीतून मानेला, कानशिलांना चढते, दोन-चार मिनिटं टिकते, घाम फुटतो आणि मग उलट हुडहुडी भरते. पहाटेच्या गारव्यातही येते. सब्जा-गुलकंद खुशाल घ्या, पण त्याने ही वाफ थांबेल असं वाटत नाही.

आधी डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर इंग्रजीत ‘बीएसओ’ असेल तर दोन्ही अंडाशयंही काढलीत, म्हणजे अंडाशयांतून येणारं हार्मोन, इस्ट्रोजेन, एका दिवसात तुटलं. कार्डावर नसेल तर गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट पाहा, तपासायला काय काय पाठवलं ते त्यात असतं. अंडाशयं शिल्लक असतील तर एफएसएच ही रक्ततपासणी करा, कारण पाळीच नसल्याने ती कधी थकली ते कळत नाही. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, दोन्हीकडे हवीच. थायरॉइड जास्त झालं की असाच घाम येतो.

अंडाशयं काढलेली असतील तर या वयात नुसतं सोसणं मला पटत नाही. प्रश्न वाफांचाच नाही, हाडांचा आणि हृदयाचाही आहे. स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी, यकृताचा आजार असं काही नसेल तर साधारण पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन देतात. पिशवी नसल्याने सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन बहुधा लागत नाही. ऑपरेशन एंडोमेट्रिओसिससाठी (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं) झालं असेल तर मात्र विचारा. गोळीपेक्षा जेल बरं, त्यात गुठळीचा धोका कमी. संध्याकाळच्या आंघोळीनंतर, अंग पूर्ण कोरडं करून दंडावर किंवा मांडीवर लावा, स्तनांवर कधीच नाही. पाच मिनिटं वाळू द्या, हात धुवा, तिथे लेकराचं अंग लागू देऊ नका. आठ दिवसांत ‘गुण नाही’ म्हणून सोडू नका. डोस बसायला दोन-तीन महिने लागतात.

हार्मोन चालत नसेल तर वाफांसाठी व्हेन्लाफॅक्सिन किंवा रात्रीची गॅबापेंटिन ही बिनहार्मोनची गोळी असते. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच, आणि मनाने एकदम बंद करायची नाहीत.

खालचा कोरडेपणा, लघवीची जळजळ यासाठी इस्ट्रिऑलचं (सौम्य इस्ट्रोजेन) योनीत लावायचं क्रीम: दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. बरं वाटलं म्हणून थांबवलं की त्रास परत येतो. हे सांगायला लाजू नका, डॉक्टर आपणहून क्वचितच विचारतात.

शेवभाजीचा तर्रीवाला रस्सा आणि ठेचा दुपारीच उरका. रात्री तिखट आणि कडक चहा वाफ चढवतात. कळण्याची भाकरी बिनधास्त खा. कॅल्शियम दिवसाला जेवणासकट 1000 ते 1200 मिलिग्रॅम हवं. गोळी एका वेळी 500 ची, लोहाच्या गोळीसोबत नको. मिसरी लावत असाल तर सोडा.

जखम भरल्यानंतर पुन्हा अंगावरून लाल गेलं, तर त्याला उष्णता समजू नका, त्याच आठवड्यात दाखवा.