उपविभागीय समितीने वनहक्क दावा (कसत असलेल्या वनजमिनीवरच्या हक्काचा अर्ज) फेटाळला, सांगतात उपग्रह छायाचित्रात शेत दिसत नाही. आता काय?

आधी फेटाळल्याचा लेखी, कारणांसह निर्णय मागा. तो देणं वनहक्क कायद्याच्या नियम १२-अ नुसार बंधनकारक आहे. तोंडी 'नामंजूर' चालत नाही. मग जिल्हास्तरीय समितीकडे ६० दिवसांत अपील करा, उशीर झाला तर समिती ३० दिवस वाढवू शकते. छायाचित्र हा फक्त पूरक पुरावा, तेवढ्यावर दावा फेटाळता येत नाही. वनखात्याने केलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या, वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, बांध-विहिरीच्या खुणा असे किमान दोन पुरावे जोडा. ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा हवा. पावत्यांवर गट क्रमांक नसेल तर अपील अडकू शकतं. पडताळणी संपेपर्यंत जमिनीवरून हटवता येत नाही (त्याच कायद्याचं कलम ४(५)). अर्जाची पोच घ्याच.