जुन्या अमिराती घरांना रस्त्याच्या बाजूला खिडक्या का नसतात? बायकांना कोंडून ठेवण्यासाठीच ना?

'कोंडून' वाचलं आणि राहवलं नाही. माझे थोरले दीर दर भेटीत हेच ऐकवतात आणि अशा एकाही घराचा उंबरा त्यांनी ओलांडलेला नाही. मी शारजात घरांचे नकाशे काढते.

एका अमिराती कुटुंबाच्या व्हिलाचं काम होतं. नकाशा पाहायला बसल्या घरातल्या आजी. चेहऱ्यावर इथला जुन्या पद्धतीचा बुरखा: निळीत रंगवलेल्या, सोनेरी झाक मारणाऱ्या कडक कापडाचा. त्यांनी मुख्य दारावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे उघडलं की रस्त्यावरच्या माणसाला काय दिसतं?" थेट अंगण दिसत होतं, आमच्या साहेबांना तसंच हवं होतं. आजींनी तिथे आडवी भिंत घालायला लावली. पाहुण्यांच्या मजलिसला, म्हणजे बैठकीच्या खोलीला, बाहेरूनच वेगळं दार, हात धुवायची सोयही तिकडेच. शेजारच्या जिन्यातून आमची गच्ची दिसते का? मग कठडा पुरुषभर उंच करा. साहेबांचं काही चाललं नाही. ते निघून गेल्यावर सुनेने वरची काळी पायघोळ अबाया काढून ठेवली. आत गर्द हिरवा झगा, बाह्यांवर तल्ली नावाची चंदेरी वीण. मग आम्ही स्वयंपाकघरावर तासभर बोललो.

आता सांगा, कोण कोणाला कोंडतंय? त्या घरात अडवला जातो तो परका पुरुष. मजलिसच्या पुढे त्याला पाऊल टाकता येत नाही.

बाकी ऊन आणि धूळ ही कारणं आहेतच. दुबईच्या अल फहिदी भागातल्या जुन्या घरांत हवा वरून, बरजील म्हणजे वाऱ्याच्या मनोऱ्यातून खाली येते, उजेड अंगणातून मिळतो. बाहेरच्या भिंतीत उंचावर झरोके ठेवले की भागतं. दुबईच्याच शिंदगा भागातलं, पुढे दुबईचे शासक झालेल्या शेख सईद यांचं १८९६ सालचं घरही चार बाजूंनी अंगणाकडेच तोंड करून आहे.

मी पाहिली ती सुखवस्तू घरं. प्रत्येक मुलीच्या मनासारखं होतं असा माझा दावा नाही. तो बुरखाही आता बहुतेक म्हाताऱ्या बायकांच्याच चेहऱ्यावर दिसतो.

दुबईला आलात तर अल फहिदीत दुबईचे शासक शेख मोहम्मद यांच्या नावाचं सांस्कृतिक केंद्र आहे, मनोऱ्याच्या जुन्या घरातच. तिथे अमिराती लोक पाहुण्यांना जेवायला बसवतात आणि असले प्रश्न तोंडावर विचारू देतात. भाऊजींना मी सांगून ठेवलंय, तिथे जाऊन आल्याशिवाय हा विषय माझ्यासमोर काढायचा नाही.