लोएस आणि गाडलेली माती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चीनमधल्या लोएस पठाराच्या छायाचित्रांत फिकट पिवळे आणि तांबूस पट्टे एकाआड एक दिसतात. त्यांवरून जुने हवामान कसे ओळखतात?

उत्तर : पिवळा थर म्हणजे वाऱ्याने आणून टाकलेली धूळ, अर्थात लोएस. तांबूस पट्टा म्हणजे त्याच धुळीची झालेली आणि पुढे गाडली गेलेली माती. हिमयुगात सायबेरियाकडून येणारे हिवाळी वारे वायव्येच्या वाळवंटांतून जास्त आणि भरड धूळ आणत. उबदार काळात धूळ येतच राहिली, पण कमी. उन्हाळी पाऊस आणि गवत वाढले, आणि धुळीची माती होऊ लागली. लुओच्वान येथे अशा थरांची जाडी १३० मीटरहून अधिक आहे आणि त्यांत सुमारे २६ लाख वर्षांची नोंद आहे. त्याच्याखाली आणखी जुनी लाल चिकणमाती लागते.

थरांना वरून खाली क्रमांक देतात. एस ० ही आजची माती, एल १ शेवटच्या हिमयुगाची धूळ, एस १ त्याआधीच्या उबदार काळाची माती. जाडीवरून वर्षे मोजू नका. एल १ आणि एस १ यांचा कालावधी जवळपास सारखा, पण एल १ कितीतरी जाड असतो. आणखी एक चूक नेहमी होते. पावसाने मातीतला चुना विरघळून खाली झिरपतो आणि खालच्या लोएसमध्ये त्याचे खडे बनतात. म्हणून लोएसच्या माथ्यावरचे हे खडे वरच्या मातीच्या काळातले धरावेत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात चुंबकीय ग्रहणशीलता (पदार्थ चुंबकीय क्षेत्रात किती चुंबकित होतो ते) मोजायचे यंत्र आहे. लोएसचे नमुने कसे घ्यावेत आणि मोजावेत?

उत्तर : दरडीचा उघडा पडलेला भाग ताजी, ओलसर माती लागेपर्यंत खरवडा. नमुने दर ५ किंवा १० सेंटिमीटरला आणि तळाकडून वर घ्या, म्हणजे वरून सांडलेली माती खालच्या नमुन्यात मिसळत नाही. गंजलेले लोखंडी हत्यार नको, गंजाचा कणसुद्धा आकडा बिघडवतो. नमुना ४० अंशांखाली वाळवा. जास्त तापवला तर नवी चुंबकीय खनिजे तयार होऊ शकतात. मग १० घनसेंटिमीटरच्या प्लास्टिक डबीत घट्ट भरा, वजन करा आणि आकड्याला वजनाने भागा.

प्रत्येक नमुना ०.४७ आणि ४.७ किलोहर्ट्झ अशा दोन वारंवारितांवर मोजा. दोन्हींतला फरक कमी वारंवारितेच्या आकड्याच्या किती टक्के आहे ते काढा. माती होताना अतिसूक्ष्म लोहकण जन्मतात आणि ते या टक्केवारीत दिसतात. दर मोजणीच्या आधी आणि नंतर यंत्र रिकामे वाचून घ्या. खोलीचे तापमान बदलले की शून्य सरकते. मूळ आकडाच लहान असेल, तर या टक्केवारीवर विसंबू नका.

कणांच्या आकारासाठी आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय द्रव्य घालवा, नंतर १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना. त्यानंतर अनेकदा धुवून, कण सुटे ठेवणारे सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घाला. बहुतेक जण धुण्यात घाई करतात. मागे राहिलेल्या कॅल्शियममुळे चिकणमातीचे कण पुन्हा एकत्र चिकटतात आणि नमुना खोटाच भरड दिसतो, म्हणजे वारा होता त्यापेक्षा जोराचा वाटतो.

चीनमध्ये मातीचा चुंबकीय ग्रहणशीलतेचा आकडा लोएसपेक्षा मोठा येतो. सायबेरिया आणि अलास्कात पुष्कळदा उलट असते. तिथे हिमयुगातल्या जोराच्या वाऱ्याने जड चुंबकीय कण आणले, आणि पाणथळ मातीत लोहखनिजे नष्ट झाली. म्हणून नवीन ठिकाणी मातीची रचना डोळ्यांनी आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय आकड्याचा अर्थ लावू नये.

प्रश्न : या थरांचे वय कसे काढतात?

उत्तर : तरुण थरांसाठी क्वार्ट्झच्या कणांनी शेवटचा सूर्यप्रकाश कधी पाहिला ते मोजतात. अपारदर्शक नळी दरडीत ठोकून नमुना घ्यायचा, लाल दिव्यात उघडायचा आणि दोन्ही टोकांची माती या मोजणीतून वगळायची. क्वार्ट्झमध्ये अंधारात साठत जाणारा संकेत काही दशसहस्र वर्षांत भरून जातो, पुढे वय कमी दिसते. जुन्या थरांत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची उलथापालथ (उत्तर-दक्षिण ध्रुवांची अदलाबदल) शोधतात. सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीची उलथापालथ चीनमध्ये अनेक ठिकाणी एल ८ या लोएसमध्ये सापडते, तर समुद्रतळाच्या गाळात ती उबदार काळाच्या थरात येते. धुळीत चुंबकीय दिशा पक्की व्हायला उशीर लागतो का, याची चर्चा त्यातूनच सुरू झाली.

प्रश्न : सह्याद्रीच्या घाटात बेसाल्टच्या दोन थरांमध्ये लाल पट्टा दिसतो. तीही धूळच का?

उत्तर : नाही. ते लाव्हाच्या दोन प्रवाहांमधल्या काळात झिजलेले बेसाल्ट किंवा ज्वालामुखीची राख आहे, वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. पट्ट्याची खालची कड हळूहळू झिजलेल्या बेसाल्टमध्ये मिसळत असेल, तर तो जागीच तयार झाला असण्याची शक्यता जास्त. वरची कड बहुधा रेघ ओढल्यासारखी असते, कारण तिच्यावरून लाव्हा वाहिला. त्या उष्णतेने पट्ट्याचा माथा भाजून निघतो आणि त्यातली लोहखनिजे बदलतात, त्यामुळे लोएससाठी वर दिलेले चुंबकीय निकष इथे लागू करू नका. भारतात खरा लोएस पाहायचा असेल, तर काश्मीर खोऱ्यातल्या करेवा टेकड्यांवर जावे. तिथे त्यात गाडलेल्या मातीचे थरही आहेत.