गणपतीला पाहुण्यांना नाही कसं म्हणू?

प्रश्न : भाऊ बोन मॅरो ट्रान्सप्लांट करून नुकताच खानापूरला घरी आलाय. गणपतीला बेळगाव-निपाणीचे पाहुणे येणारच. काय करू?

उत्तर : ताई, सरळ नाही म्हणा. ट्रान्सप्लांटनंतर भावाची प्रतिकारशक्ती खूप कमी असते, साधा संसर्गही त्याला जड जाईल. रुसले तर रुसू देत. दवाखान्यात हवा गाळणारा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. खोलीत हवेचा दाब जास्त, म्हणून दार उघडलं तरी बाहेरची हवा आत शिरत नाही. घरी ते काम तुमचं. मला तर पाहुण्यांपेक्षा गोठ्याची भीती वाटते. ओल्या गवतात ॲस्परजिलस बुरशी वाढते, वैरण उपसली की तिचे बीजाणू श्वासावाटे फुफ्फुसात जातात. भावाला तिकडे फिरकू देऊ नका. हार-दूर्वाही त्याच्या खोलीत नकोत. कुणी कुंद्याची मिठाई आणलीच तर तुम्ही संपवा! ताप १००.४ झाला, तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन लावा.