'बर्डव्हिसल' या इंग्रजी आडनावाचा पक्ष्यांच्या शिट्टीशी खरंच संबंध आहे का?

तुमच्या लंडनच्या क्लायंटचं आडनाव बर्डव्हिसल आहे, म्हणून तुम्ही विचारलंय की त्यांचे पूर्वज शीळ घालून पक्षी पकडायचे का. शिट्टीचा काही संबंध नाही, पक्ष्यांचा मात्र आहे.

मूळ आडनाव बर्टविसल, आणि ते गावावरून पडलेलं, आपल्या 'कर'वाल्या आडनावांसारखं. इंग्लंडच्या लँकशरमध्ये, बर्नली-पॅडिहमच्या बाजूला ही वस्ती होती. आज ती उरलेली नाही. जुन्या इंग्रजीत 'ट्विस्ला' म्हणजे नदीचा बेचका, दोन प्रवाह मिळतात ती जागा. आणि 'ब्रिड' म्हणजे पक्ष्याचं पिल्लू. पिल्लांचा संगम! मला हे नाव फार आवडतं. ब्रिडचं पुढे बर्ड झालं, आपल्याकडे 'चिकटणे'चं 'चिटकणे' होतं तसं. ट्विस्लाचा अर्थ लोक विसरले आणि कानाला ओळखीचा 'व्हिसल' ऐकू यायला लागला. एंटविसल आणि ऑस्वाल्डट्विसल ही त्याच घडणीची गावं तिथे अजून आहेत.

एकदा मी तिकडच्या एका चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी चाळत होतो. एकाच बापाची दोन मुलं. एकाच्या आडनावात 'एच' आहे, दुसऱ्याच्या नाही. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. म्हणून इंटरनेटवरच्या 'नामशेष होणारी आडनावं' छापाच्या याद्यांवर माझा विश्वास नाही. बर्डव्हिसल हे स्पेलिंग दुर्मीळ आहे, पण बर्टविसल घराणी आहेत.

१८८१च्या जनगणनेवरून काढलेला नकाशा पाहिलात तर हे आडनाव बहुतेक सगळं लँकशरमध्येच दिसतं. उगम एकाच लहानशा जागेचा, आणि पुढे कापडगिरण्या दाराशी आल्या, पोटासाठी लांब जायची वेळ फारशी आली नाही. संगीतकार हॅरिसन बर्टविसल १९३४ साली अ‍ॅक्रिंग्टनला जन्मले, म्हणजे त्याच पट्ट्यात. एक फांदी अमेरिकेतही गेली. देहबोलीच्या अभ्यासाला 'कायनेसिक्स' हे नाव देणारे मानववंशशास्त्रज्ञ रे बर्डव्हिसल तिकडचे.

क्लायंटना आधी आजोबांचं गाव विचारा. जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी तिथे १ जुलै १८३७ पासून आहे, त्याआधीचं चर्चच्या दफ्तरात पाहावं लागेल. शोधताना 'टी', 'डी', 'एच' सगळी स्पेलिंगं टाकून बघा, नाहीतर सख्खा पणजोबाही हाती लागायचा नाही.